माणसे निवडण्याचा व्यवसाय : संगणक क्षेत्रातील नोकरभरती आणि कामाबाहेरचे जीवन

मुंबईच्या गिरणगावात कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळी गिरणीत काम मिळवायचे तर कामगाराला आधी जॉबर गाठावा लागे. रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतून मुंबईस येणाऱ्या तरुणाचा गिरणीमालकाशी कधी संबंधच येत नसे. त्याला कामावर घेणारा, त्याच्यावर देखरेख करणारा, रजा देणारा आणि प्रसंगी काढून टाकणारा तो जॉबरच. या सत्तेच्या बळावर कामगाराकडून दस्तुरी उकळण्याची प्रथा पडली होती. १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीच्या दोषांवर बोट ठेवले आणि कामगारभरतीची सत्ता जॉबरकडून काढून घ्यावी, अशी शिफारस केली.

गिरण्यांचा तो काळ सरला. तथापि, ज्या उद्योगाला माणसे हवीत आणि ज्या माणसाला काम हवे, त्या दोहोंच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, ही वस्तुस्थिती बदललेली नाही. संगणक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात या तिसऱ्या माणसाला ‘रिक्रूटर’ म्हणतात. महाराष्ट्रातील अनेक सुशिक्षित तरुण-तरुणींनी हा व्यवसाय पत्करला आहे. त्यांत अभियंते थोडे. कला, वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांचे पदवीधर पुष्कळ. या व्यवसायाचे स्वरूप काय, त्यात उत्कर्ष कसा साधतो आणि तो साधताना माणसाचे घर, आरोग्य व छंद यांचे काय होते, याचा विचार शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनीही करणे अगत्याचे आहे. कारण या व्यवसायात शिरणारे तरुण ज्या गावांतून येतात, त्याच गावांतील इतर तरुण नोकरीच्या आशेने या रिक्रूटरच्या दूरध्वनीची वाट पाहत असतात.

पार्श्वभूमी

संगणक उद्योगाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ साली मुंबईत सुरू झाली. इन्फोसिसची स्थापना १९८१ साली पुण्यात झाली. १९९१ मध्ये केंद्र शासनाने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था स्थापून सॉफ्टवेअरच्या निर्यातीला चालना दिली. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभारले आणि एका खेड्याचे नाव देशोदेशी पोहोचले.

साखर कारखान्यास ऊस लागतो, पोलादाच्या कारखान्यास खनिज लागते; संगणक कंपनीचा कच्चा माल म्हणजे शिकलेली माणसे. कंपनीला नवे काम मिळाले की त्या कामाचे तंत्र जाणणारी माणसे काही आठवड्यांत उभी करावी लागतात. जुन्या काळी रिक्त पदांची जाहिरात वर्तमानपत्रात येई आणि अर्ज टपालाने येत. १९५९ च्या कायद्यान्वये अनेक आस्थापनांना आपली रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाकडे कळवावी लागत. १९९७ मध्ये ‘नौकरी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि लक्षावधी उमेदवारांचे बायोडाटा एका जागी शोधण्याची सोय झाली. २००३ मध्ये ‘लिंक्डइन’ आले. त्यामुळे नोकरी न शोधणाऱ्या माणसापर्यंतही भरती करणाऱ्याचा हात पोहोचू लागला. माहितीचा असा पूर आल्यावर त्यातून योग्य माणूस वेचून काढणे हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला.

कामाचे टप्पे

बाहेरून पाहणाऱ्यास हे काम दूरध्वनी करण्याचे दिसते. वस्तुतः त्याचे निश्चित टप्पे आहेत. पहिला टप्पा मागणी समजून घेण्याचा. ‘जावा जाणणारे चार जण हवेत’ एवढ्या वाक्यावर शोध सुरू करता येत नाही. काम नवे आहे की जुन्याची दुरुस्ती आहे, अनुभव किती वर्षांचा हवा, वेतनाची मर्यादा काय, काम दिवसपाळीचे की रात्रपाळीचे, हे संबंधित विभागप्रमुखाला विचारून घ्यावे लागते. कुशल रिक्रूटर या पहिल्या बैठकीतच अर्धे काम संपवितो.

दुसरा टप्पा शोधाचा. संकेतस्थळावर शब्दांची जुळणी करून बायोडाटा चाळले जातात. येथे विषयाचे प्राथमिक ज्ञान नसेल तर हसे होते. ‘जावा’ आणि ‘जावास्क्रिप्ट’ यांची नावे सारखी असली तरी त्या दोन वेगवेगळ्या संगणकभाषा आहेत. हा भेद न जाणणारा रिक्रूटर जाणकार उमेदवाराचा विश्वास पहिल्याच मिनिटात गमावतो. तिसरा टप्पा संभाषणाचा. उमेदवाराची पात्रता, नोकरी बदलण्याचे खरे कारण, अपेक्षित वेतन, घरची परिस्थिती आणि गाव बदलण्याची तयारी या गोष्टी त्याच्याशी बोलूनच कळतात. त्यानंतर तांत्रिक मुलाखती, वेतनाची बोलणी, कागदपत्रांची पडताळणी आणि नियुक्तीपत्र, असा क्रम लागतो.

नियुक्तीपत्र हाती पडले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. या क्षेत्रात राजीनामा दिल्यापासून जुन्या कंपनीतून मुक्त होईपर्यंत एक ते तीन महिन्यांचा ‘नोटीस पीरियड’ असतो. तेवढ्या अवधीत उमेदवार दुसरीकडे अधिक वेतनाचे पत्र मिळवू शकतो. उदाहरणादाखल असे समजा, की रिक्रूटरने शंभर बायोडाटा पाहिले, चाळीस जणांना दूरध्वनी केले, त्यांतील पंधरा जणांनी तयारी दाखविली, आठ जणांना विभागप्रमुखाने मुलाखतीस बोलावले, चार उत्तीर्ण झाले, तिघांनी नियुक्तीपत्र स्वीकारले आणि दोघेच प्रत्यक्ष कामावर रुजू झाले. अठ्ठ्याण्णव वेळा नकार देणे किंवा घेणे आणि दोनदा यश मिळणे, असे या कामाचे गणित असते. शेतकरी पेरलेल्या प्रत्येक दाण्याचे रोप होईल असे धरून चालत नाही. तीच वृत्ती येथे अंगी बाणवावी लागते.

मोबदला कोण देतो?

रिक्रूटर दोन प्रकारचे असतात. काही जण कंपनीच्या मनुष्यबळ विभागात पगारी नोकर असतात. इतर अनेक जण भरती संस्थांमध्ये काम करतात. या संस्था अनेक कंपन्यांसाठी माणसे शोधतात. उमेदवार रुजू झाल्यावर कंपनी संस्थेला शुल्क देते. हे शुल्क बहुधा उमेदवाराच्या वार्षिक वेतनाच्या प्रमाणात ठरते. वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, म्हणजे ८.३३ टक्के, हा पुष्कळ ठिकाणी परिचित दर आहे. उमेदवार ठरलेल्या मुदतीच्या आत सोडून गेला तर संस्थेला त्याच्या जागी दुसरा द्यावा लागतो किंवा शुल्क परत करावे लागते.

या व्यवस्थेत पैसा नोकरी देणाऱ्याकडून येतो, नोकरी मागणाऱ्याकडून येत नाही. गिरणीतील जॉबर आणि आजचा सचोटीचा रिक्रूटर यांच्यातील खरा फरक हाच आहे. जो ‘रिक्रूटर’ उमेदवाराकडे नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत या नावांखाली नोकरीसाठी पैसे मागतो, तो जुन्या दस्तुरीचीच परंपरा चालवितो, असे समजावे.

कोणाला साधेल?

या व्यवसायात प्रवेशासाठी अभियांत्रिकीच्या पदवीची अट सहसा नसते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत नीट बोलता येणे, ऐकून घेण्याची सवय, नोंदी ठेवण्याची शिस्त आणि नवी परिभाषा शिकण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. इतिहास, मानसशास्त्र वा साहित्य शिकलेल्या विद्यार्थ्याला माणसाच्या बोलण्यातील अध्याहृत अर्थ उमगतो. त्या गुणाचे येथे चीज होते. मात्र त्याने पहिल्या वर्षात संगणकभाषा, माहितीसाठा, चाचणी, जाळेव्यवस्था यांचा स्थूल परिचय करून घ्यावा आणि जाणकार अभियंत्यांना प्रश्न विचारण्यास संकोचू नये.

प्रगतीची वाट साधारणतः ठरलेली आहे. शिकाऊ रिक्रूटर, स्वतंत्रपणे काम करणारा रिक्रूटर, गटप्रमुख आणि पुढे एखाद्या मोठ्या ग्राहक कंपनीचा व्यवहार सांभाळणारा व्यवस्थापक, असे टप्पे येतात. काही जण भरती संस्थेतून कंपनीच्या मनुष्यबळ विभागात जातात. काही अनुभवानंतर स्वतःची छोटी संस्था काढतात. या वाटचालीत नोंदवह्या आणि संकेतस्थळे सर्वांपाशी सारखीच असतात. ज्या उमेदवाराला पाच वर्षांपूर्वी नकार देतानाही नीट उत्तर दिले होते, तो आज विभागप्रमुख झाल्यावर आपणहून दूरध्वनी करतो. रिक्रूटरची खरी ठेव ती हीच. ती हळूहळू साठते आणि एका खोट्या आश्वासनाने बुडते.

सचोटीची काही अंगे कायद्यानेही सांगितली आहेत. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. २०१९ च्या वेतन संहितेत ती तरतूद कायम आहे. उमेदवाराने ज्या कामासाठी आपली माहिती दिली, त्याच कामासाठी ती वापरावी, हे डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ याचे सूत्र आहे. एकाने दिलेला बायोडाटा त्याला न विचारता दहा ठिकाणी धाडणे हा म्हणूनच निव्वळ उतावीळपणा मानता येणार नाही.

चाळणीचे काम आता यंत्रेही करू लागली आहेत. परंतु यंत्र जुन्या निवडींवरून शिकते आणि त्या निवडींतील पक्षपातही उचलते. ॲमेझॉन कंपनीने तयार करविलेली अशी एक चाचणी-प्रणाली महिलांच्या अर्जांना कमी गुण देत असल्याचे आढळले आणि ती सोडून द्यावी लागली, हे वृत्त २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राने पुढे केलेल्या यादीकडे डोळसपणे पाहणारा माणूस त्यामुळे अधिकच आवश्यक ठरला आहे.

तेजी आणि मंदी

हा व्यवसाय उद्योगाच्या नाडीशी बांधलेला आहे. २००१ च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला, २००८ मध्ये जागतिक मंदी आली, २०२० मध्ये महासाथीने व्यवहार थंडावले. प्रत्येक वेळी भरती थांबली. उलट २०२१ आणि २०२२ च्या पूर्वार्धात मागणी इतकी वाढली, की एकेक उमेदवार हाती तीन-तीन नियुक्तीपत्रे घेऊन बसू लागला. पाठोपाठ ओहोटी आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना कमी केले. पुढील वर्षी भरती कमी होणार असल्याने भरती विभागाला त्याची झळ अधिक बसेल, असे कंपनीप्रमुखांनी तेव्हाच जाहीर केले होते.

घर बांधून झाल्यावर गवंड्याचे काम संपावे, तसे हे आहे. म्हणून या व्यवसायातील तरुणाने भरतीच्या दिवसांतील प्रोत्साहन रकमेवर घराचा हप्ता बांधून घेऊ नये, काही महिन्यांचा खर्च शिलकीत ठेवावा आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाची इतर अंगे, उदाहरणार्थ प्रशिक्षण, वेतनरचना व कामगार कायदे, यांचाही अभ्यास चालू ठेवावा. कामाशिवाय ज्याला दुसरी ओळखच उरलेली नाही, त्याला मंदीचा आघात दुहेरी बसतो. नोकरी जाते आणि ‘आपण कोण’ या प्रश्नाचे उत्तरही तिच्याबरोबर जाते.

दिवस कोठे संपतो?

कामाबाहेरच्या जीवनाचा प्रश्न येथून सुरू होतो. इतर कार्यालयांतील काम संध्याकाळी थांबते. रिक्रूटरचे काम त्याच वेळी रंगात येते. याचे कारण उघड आहे. त्याचा उमेदवार दिवसा दुसऱ्या कंपनीत काम करीत असतो आणि तेथे बसून नोकरी बदलण्याविषयी बोलू शकत नाही. तो बोलतो दुपारच्या जेवणाच्या सुटीत, घरी परतताना बसमध्ये किंवा रात्रीच्या जेवणानंतर. मोठ्या भरतीच्या मुलाखती शनिवारी ठेवल्या जातात, त्याचेही कारण हेच.

पुणे, नागपूर, मुंबई येथे बसून अमेरिकेतील कंपन्यांसाठी भरती करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास चालते. तेथील सकाळचे नऊ म्हणजे येथील सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तेथील कार्यालय सहा वाजता बंद झाले की येथे पहाटेचे साडेतीन किंवा साडेचार वाजलेले असतात. घरात मुले शाळेला निघतात, तेव्हा हा कर्मचारी झोपलेला असतो; मुले घरी येतात, तेव्हा तो निघण्याच्या तयारीत असतो.

यात भ्रमणध्वनीची भर पडते. कामाचे साधन आणि घरचे साधन एकच झाल्यामुळे कार्यालयाचे दार बंद झाल्याची खूण उरत नाही. महिनाअखेरीचे टार्गेट अपुरे असेल तर लग्नाच्या मांडवातही लक्ष दूरध्वनीकडे राहते. अतिश्रमाचे परिणाम केवळ चिडचिडीपुरते मर्यादित नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील दोषामुळे मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

आणखी एक परिणाम आकड्यांत दिसत नाही, पण तो या व्यवसायाच्या मुळावर येतो. दमलेला माणूस ऐकून घेत नाही. रात्रपाळीची गोष्ट उमेदवाराला सांगायची राहून जाते. वेतनाचा आकडा फुगवून सांगितला जातो. नकार कळविण्याचा दूरध्वनी उद्यावर आणि मग कायमचा लांबणीवर पडतो. अशा घाईने झालेली निवड टिकत नाही, उमेदवार सोडून जातो आणि तेच काम पुन्हा करावे लागते. ज्याचा निर्वाह माणसे ओळखण्यावर चालतो, त्याने स्वतःचा संध्याकाळचा वेळ राखणे ही चैन ठरत नाही. सुताराने पटाशीला धार लावावी, तितकेच ते कामाचे अंग आहे.

साप्ताहिक सुटीचा वारसा

विश्रांतीचा हक्क ही महाराष्ट्राला परकी कल्पना नाही. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर वेतन यांचा समावेश होता. अखेर १० जून १८९० रोजी रविवारच्या सुटीची मागणी मान्य झाली. आज संगणकासमोर बसणाऱ्याला जी सुटी सहज मिळते, ती गिरणी कामगाराने झगडून मिळविली आहे. ती आपण होऊन दूरध्वनीच्या स्वाधीन करताना या इतिहासाचे स्मरण ठेवावे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ अन्वये कामाच्या तासांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. आठवड्यातून एक दिवस विश्रांती, जादा कामास दुप्पट दराने वेतन आणि वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा यांची तरतूद आहे. महिलांना रात्री काम द्यावयाचे असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक आहे. व्यवस्थापकीय पदांवरील व्यक्ती या अधिनियमातून वगळलेल्या आहेत. म्हणून नुसत्या पदनामावर न जाता आपले काम प्रत्यक्षात कोणत्या स्वरूपाचे आहे, हे कर्मचाऱ्याने समजून घ्यावे.

कार्यालयीन वेळेनंतर दूरध्वनी न उचलण्याच्या हक्काची चर्चाही सुरू झाली आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत या आशयाचे अशासकीय विधेयक मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तोवर हा प्रश्न बव्हंशी संस्थेच्या शिस्तीवर आणि व्यक्तीच्या निर्धारावर अवलंबून आहे.

उरलेल्या वेळाची आखणी

संध्याकाळचे दूरध्वनी या व्यवसायातून सर्वस्वी वजा करता येणार नाहीत. त्यांना चौकट घालता येते. आठवड्यातील दोन किंवा तीन संध्याकाळी उमेदवारांसाठी राखून ठेवाव्यात आणि तसे त्यांना आधी कळवावे. उरलेल्या संध्याकाळी घराच्या. ज्या दिवशी उशिरापर्यंत काम करावयाचे, त्या दिवशी सकाळी उशिरा येण्याची मुभा गटप्रमुखाने द्यावी. शनिवारी मुलाखती असतील तर बदली सुटी त्याच आठवड्यात घ्यावी. साठवून ठेवलेली सुटी बहुधा बुडते. कामाचा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक वेगळा ठेवणे हा लहानसा खर्च आहे, पण त्याने दिवसाला कुंपण मिळते.

मोकळा वेळ मिळाला तरी तो भरण्यासाठी काही असावे लागते. एकट्याने ठरविलेला छंद कामाच्या पहिल्या रेट्यात मागे पडतो. चार माणसांबरोबर बांधलेला छंद टिकतो, कारण तेथे कोणीतरी वाट पाहत असते. पुणे परिसरात याची उदाहरणे विपुल आहेत. गणेशोत्सवाच्या आधी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, त्यात संगणक कंपन्यांतील तरुण-तरुणी हिरिरीने उतरतात. रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांत त्यांचा भरणा असतो. आषाढी वारीत आळंदीहून पुण्याकडे चालणाऱ्या वारकऱ्यांत या क्षेत्रातील नोकरदारांची दिंडीही असते. नाट्यस्पर्धा, भजनी मंडळ, गावच्या वाचनालयाची कार्यकारिणी, सुगीच्या दिवसांत घरच्या शेतावरची फेरी, यांपैकी काहीही चालेल. त्या ठिकाणी माणसाचे मोल त्याच्या अनुभवाच्या वर्षांवरून आणि वेतनाच्या आकड्यावरून ठरत नाही. दिवसभर माणसांना रकान्यांत बसविणाऱ्याने आठवड्यातून एकदा तरी रकाने नसलेल्या जागी जाऊन यावे. सोमवारी तो समोरच्या उमेदवाराचे अधिक लक्षपूर्वक ऐकेल.

रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेची वेळ देवपूजेइतकी नियमित ठेवावी आणि कुटुंबानेही ती कामाचाच भाग मानावी. दिवसा झोपणाऱ्या सुनेकडे किंवा मुलाकडे ‘आळशी’ म्हणून पाहिले जाते, अशी घरे अजून आहेत. या कामाचे स्वरूप घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हाही त्यावरचा एक उपाय आहे.

गावपातळीवरील जबाबदारी

शिक्षकांना या विषयात दोन प्रकारे मार्गदर्शन करता येईल. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या व्यवसायाची माहिती द्यावी, लाभांसह त्याच्या वेळेची आणि अस्थिरतेची कल्पनाही द्यावी. दुसरे, सर्वच विद्यार्थ्यांना खरा बायोडाटा लिहिण्यास शिकवावे. न केलेल्या कामाचा अनुभव लिहून नोकरी मिळविणारा उमेदवार पडताळणीत उघडा पडतो आणि त्याच्या मागून येणाऱ्या गावच्या मुलांकडेही मग संशयाने पाहिले जाते.

पंचायत सदस्यांची जबाबदारी अधिक तातडीची आहे. रिक्रूटरच्या नावाने फसवणूक करणाऱ्या टोळ्या खेड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, संगणकाचे कौशल्य असणाऱ्या तरुणांना थायलंडमध्ये नोकरीचे आमिष दाखवून म्यानमारमध्ये नेले जात होते आणि तेथे त्यांना डांबून ठेवून ऑनलाइन फसवणुकीचे काम करावयास लावले जात होते. मार्च २०२५ मध्ये अशा ५०० हून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी मायदेशी आणावे लागले. या मुलांना प्रथम भेटला तो गोड बोलणारा एक भरती करणाराच होता.

म्हणून काही साध्या गोष्टी ग्रामसभेत सांगाव्यात आणि पंचायतीच्या फलकावर लावाव्यात. नोकरीसाठी पैसे मागणारा खरा रिक्रूटर नव्हे. नियुक्तीपत्र आले तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारून खात्री करावी. पत्रावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये. मुलाखत न घेता नोकरी दिली जात असेल तर सावध व्हावे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या संस्थेला उत्प्रवासन कायदा, १९८३ खाली नोंदणी करावी लागते. तिचा नोंदणी क्रमांक मागावा आणि पर्यटक व्हिसावर नोकरीस जाऊ नये. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम गोठविता येण्याची शक्यता अधिक असते. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही तरुणांना विनामूल्य सल्ला मिळू शकतो.

गिरणगावातील जॉबरच्या दारात उभा राहणारा तरुण आणि आज तालुक्याच्या गावी हातातील भ्रमणध्वनीकडे पाहत बसलेला तरुण, यांच्या मनातील आशा एकच आहे. पलीकडून बोलणारा माणूस खरे सांगेल आणि दिलेला शब्द पाळील, एवढीच त्याची अपेक्षा असते. पलीकडचा तो माणूसही बहुधा अशाच एखाद्या गावातून आलेला असतो आणि त्याच्याही घरी जेवणाची ताटे मांडून कोणी थांबलेले असते. त्याला ठरल्या वेळी घरी जाता आले, तर दुसऱ्या दिवशी तो अधिक खरे बोलेल. आपल्या संस्थेत अशी वेळ पाळली जाते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र त्याच्या वरिष्ठांचे आहे.